घटनाचालित पद्धतीने चॅट क्लायंटची रचना : एक विवेचन

प्रस्तावना :
चॅट क्लायंट हा प्रोग्राम आकाराने लहान असला, तरी त्याला एकाच वेळी दोन ठिकाणी लक्ष ठेवावे लागते : कळफलकाकडे आणि नेटवर्ककडे. कळफलकाची वाट पाहत थांबलेला प्रोग्राम नेटवर्कवरून आलेला संदेश वाचू शकत नाही. ही केवळ गैरसोय नव्हे. फिनलंडमधील ओउलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये आयआरसी ही संवादप्रणाली निर्माण केली. तिचे नियम १९९३ मध्ये आरएफसी १४५९ या दस्तऐवजात नोंदविले गेले. त्यांनुसार सर्व्हर शांत असलेल्या क्लायंटला 'पिंग' पाठवितो आणि ठरावीक वेळेत 'पाँग' न आल्यास जोडणी तोडतो. म्हणजेच वापरकर्ता मजकुराचा विचार करीत असतानाच क्लायंट संभाषणाबाहेर फेकला जातो.

घटनाचालित रचना :
पायथन भाषेतील 'ट्विस्टेड' ही लायब्ररी या समस्येची उकल वेगळ्या मांडणीने करते. तिच्या केंद्रस्थानी 'रिअॅक्टर' नावाचे अखंड चक्र असते. कोणत्या जोडणीवर माहिती आली आहे, हे ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून जाणून घेते व संबंधित फंक्शनला पाचारण करते. जोडणी होताच 'कनेक्शनमेड', माहिती येताच 'डेटारिसीव्हड' आणि जोडणी तुटताच 'कनेक्शनलॉस्ट' ही फंक्शने चालतात. प्रोग्रामरने केवळ त्यांतील प्रतिसाद लिहावयाचा असतो. कळफलकावरील ओळ हीदेखील येथे एक घटनाच ठरते.

दोन पथ्ये :
पहिले पथ्य असे की, प्रत्येक फंक्शनने आपले काम त्वरित संपवून नियंत्रण रिअॅक्टरकडे परत द्यावे. एखाद्या फंक्शनमध्ये 'स्लीप' वापरल्यास संपूर्ण चक्र थांबते व 'पिंग' पुन्हा अनुत्तरित राहतो. विलंब हवा असल्यास 'कॉललेटर' योजावे.

दुसरे पथ्य संदेशाच्या सीमेविषयी आहे. टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह असल्याने एक ओळ दोन तुकड्यांत येऊ शकते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते. त्यामुळे तुकडा चिन्हाच्या मध्येच पडू शकतो. म्हणून 'लाइनरिसीव्हर'कडून पूर्ण ओळ मिळाल्यावरच तिचे अक्षरांत रूपांतर करावे. आयआरसी संदेशाची मर्यादा ओळसमाप्तीच्या दोन चिन्हांसह ५१२ बाइट आहे. साहजिकच मराठी मजकुरास इंग्रजीच्या सुमारे एकतृतीयांश चिन्हांचीच जागा मिळते.

निष्कर्ष :
घटनाचालित पद्धतीत प्रोग्रामचा क्रम प्रोग्रामर नव्हे, तर घटना ठरवितात. विद्यार्थ्यांना प्रथम थांबून राहणारा क्लायंट लिहावयास देऊन तो 'पिंग'ला का उत्तर देत नाही, हे शोधावयास लावल्यास ही संकल्पना व्याख्येपेक्षा प्रात्यक्षिकातून अधिक दृढ होईल.