येळवशीची पंगत आणि घरची काटकसर

मार्गशीर्ष अमावास्येच्या दिवशी लातूर शहराची बाजारपेठ ओस पडलेली असते. दुकानांना कुलपे, रस्ते मोकळे, आणि गावाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर मात्र डोक्यावर टोपली व हातात किटली घेतलेली कुटुंबे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातील स्थानिक सुट्टी या दिवशी दिली जाते ती उगीच नव्हे. न दिली तरी कचेरीत कोण सापडेल, हा प्रश्नच आहे. वेळ अमावास्या, बोलीभाषेत येळवस, हा लातूर व धाराशिव जिल्ह्यांचा आणि नांदेड जिल्ह्याच्या लातूरलगतच्या भागाचा खास सण होय. सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गी, विजयपूर या भागांत तो 'एळ्ळ अमावास्ये' या नावाने ओळखला जातो. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. मराठी नाव त्याच शब्दावरून आले असावे.

या सुमारास रब्बीची ज्वारी वाढीला लागलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागतात, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. अशा हिरव्या शिवारात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून लहानशी कोप बांधतात, तिच्यावर शाल अथवा लुगडे पांघरतात आणि आत चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. घरचा कर्ता आंबिलाची बिंदगी डोक्यावर घेऊन येतो. पूजा झाली की उभ्या पिकावर आंबील शिंपडीत शेताला फेरी घालतात; यास चर शिंपणे म्हणतात. मग पंगत बसते. ज्यांना शेत नाही त्यांनाही आग्रहाने बोलावले जाते, आणि गावात नव्याने बदलून आलेल्या गुरुजींना वा ग्रामसेवकांना त्या दिवशी किती कोपींना भेट द्यावी लागते याची कल्पना या भागात नोकरी केलेल्या कोणासही असेल. एका ठिकाणी जेवून दुसऱ्या ठिकाणी नाही म्हणणे हा यजमानाचा अपमान मानला जातो.

पंगतीतील पदार्थ

या पंगतीचा मुख्य पदार्थ म्हणजे भज्जी. तेलात तळलेल्या भजींशी तिचा काही संबंध नाही. तुरीचे व हरभऱ्याचे ओले सोले, वाटाणा, वालाचे दाणे, शेंगदाणे, मेथी, पालक, कांद्याची पात, वांगी, गाजर असे त्या आठवड्यात शिवारात जे जे हाती लागेल ते एकत्र शिजवून त्यात चिंचेचा कोळ आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ घालतात. लसूण व हिरवी मिरची सढळ हाताने. जोडीला ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची व शेंगदाण्याची पोळी, धपाटे आणि आंबील. आंबिलाची कृती अगदी साधी आहे. ज्वारीचे पीठ रात्री भिजवून आंबवायचे, सकाळी शिजवून थंड होऊ द्यायचे आणि त्यात ताक, जिरे, ठेचलेला लसूण, मीठ व कोथिंबीर घालायची. मातीच्या बिंदगीत ती दिवसभर गार राहते.

या ताटाकडे गृहिणीच्या हिशेबाने पाहिले, तर त्यात मीठ-मसाल्याखेरीज विकत आणलेले फारसे काही नसते. निदान पूर्वी नसे. हरभरा, तूर, तीळ, भुईमूग आणि ज्वारी घरच्या शेतातील, ताक घरच्या दुभत्याचे, चिंच बांधावरील. लातूर जिल्ह्यातील कास्तीची कोथिंबीर, पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही तिन्ही नावे भज्जीच्या एकाच पातेल्यात एकत्र येऊ शकतात, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. जून महिन्यात तिफण चालत असता 'दोन तास तिळाचे टाका, धुऱ्याला अंबाडी टाका, चार ओळी मुगाच्या असू द्या' असा आग्रह घरातील स्त्रीने धरलेला असे. डिसेंबरातील पंगत त्या आग्रहाचे फळ होय.

ज्वारीमागे चालणारा संसार

मराठवाड्यातील घरगुती काटकसर म्हणजे पै-पैसा गाठीला बांधणे, अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. रोख पैसा मुळातच हाती थोडा असे. खरी काटकसर होती ती एका वस्तूपासून दुसरी व दुसरीपासून तिसरी काढण्यात, आणि या मालिकेच्या मुळाशी ज्वारी होती. कणसापासून भाकरी, कोवळ्या कणसापासून हुरडा, पिठापासून आंबील व पापड्या, नागपंचमीला लाह्या. ताटापासून कडबा. कडबा होता म्हणून दावणीला बैलजोडी व गाय-म्हैस होती. जनावर होते म्हणून ताक होते, शेणखत होते, सारवणाला शेण आणि चुलीला गोवऱ्या होत्या. धसकटेदेखील वाया जात नसत. ती वेचून जळणासाठी आणली जात. तुरीच्या शेंगा झोडल्यावर उरलेल्या तुराट्यांचा कूड होई, अंबाडीच्या पाल्याची भाजी आणि वाखाचे दोर होत.

म्हणूनच ज्वारीचा पेरा कमी झाला, एवढ्या एका वाक्यात ही घटना सांगता येत नाही. ज्वारी गेली की कडबा जातो, कडबा गेला की जनावर विकावे लागते, आणि जनावर गेले की ताक, खत व गोवऱ्या या तिन्ही वस्तू बाजारातून आणाव्या लागतात किंवा त्यांच्याविना चालवावे लागते. दुष्काळात ही साखळी विशेष जाणवते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. माणसांच्या पाण्याची ती कहाणी देशभर गाजली. त्याच काळात चाऱ्याअभावी जनावरे बाजारात निघाली, ती बातमी मागे पडली. कडब्याची जुनी गंजी ज्याच्या खळ्यावर शिल्लक असते, त्याला अशा वर्षी जनावर विकण्याची घाई करावी लागत नाही.

साठवण, दंड आणि वाकळ

धान्य घरात आल्यावर ते वर्षभर टिकविणे ही गृहिणीची जबाबदारी. जुन्या घरांत भिंतीलगत बांधलेले बळद असे, मोठ्या शेतकऱ्याच्या वाड्यात जमिनीखालचे पेव असे, आणि लहान घरात शेणामातीने लिंपलेली कणगी. कडधान्यांच्या मडक्यांची उतरंड कोपऱ्यात रचलेली. धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि कडधान्याला राख, एवढ्यावर किडीचा बंदोबस्त होई. उन्हाळ्यात वाळवणाची धांदल. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, शेवयांचा पाट मांडायचा, खारोड्या व सांडगे घालायचे. ही कामे सावडीने चालत. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. मजुरी कोणी कोणाला देत नसे, परंतु कोण कोणाकडे किती दिवस येऊन गेली याचा हिशेब मात्र पक्का ठेवला जाई. डाळी, धान्य व मसाले भाजून दळलेले येसर हेही याच काळातील. पाहुणा अवचित आला तरी चमचाभर येसर टाकून आमटी दाट करता येते, हा त्याचा मोठा गुण.

कापडाच्या बाबतीतही हीच दृष्टी. नऊवारी लुगडे मध्यभागी विरले की तो भाग कापून टाकून दोन्ही टोके जोडली जात. याला दंड घालणे म्हणत. असे दंडाचे लुगडे आणखी वर्षभर चाले. त्यानंतर त्याची धडपी, आणि धडप्यांचे थर एकावर एक ठेवून बारीक धावदोऱ्याने शिवलेली वाकळ. वाकळ शिवायला कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत मध्याकडे जातात. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, मुलीचे परकर असे घरातील सर्वांचे कापड एका वाकळीत येते. शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले करण्याऐवजी एखादी लहान वाकळ शिवून घेण्यास हरकत नसावी.

मात्र जुने ते सारे जपावे, असे म्हणणे योग्य होणार नाही. पहाटे उठून जात्यावर दोन पायली ज्वारी दळणे यात काव्य पाहणाऱ्यांनी ते स्वतः दळलेले नसते. पिठाची गिरणी गावात आली, हा स्त्रियांना मिळालेला खरा विसावा होता. चुलीच्या धुराबद्दलही हेच. आणि माळवदाच्या घरांचे मोल तर या भागाने फार भयंकर दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीच्या जड छपरांखाली हजारो माणसे सापडली. त्यानंतर लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नवी घरे भूकंपात टिकतील अशी होती, हे महत्त्वाचेच. परंतु सरळ रेषेत आखलेल्या त्या वसाहतींत बळदाला, कडब्याला आणि गोठ्याला जुन्या वाड्यासारखी जागा राहिली नाही. घर सुरक्षित झाले आणि साठवण घराबाहेर गेली.

सोयाबीनचे शिवार

दुसरा मोठा बदल पिकांचा. गेल्या तीन दशकांत खरिपातील ज्वारी, मूग व उडीद यांची जागा लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. याचा दोष शेतकऱ्याला देता येणार नाही. खरिपाची संकरित ज्वारी काढणीच्या वेळी पाऊस लागला की काळी पडे आणि तिला भाव मिळत नसे. पाखरांची राखण करण्यास मजूर मिळेनासे झाले. सोयाबीनला मात्र लातूरची मोठी बाजारपेठ व तेलगिरण्या जवळ होत्या आणि दिवाळीपूर्वी हाती रोख रक्कम येऊ लागली. मुलांचे शिक्षण, आजारपण, मुलीचे लग्न यांना रोख पैसाच लागतो. त्याला कणगीतील ज्वारी पुरत नाही. शिवाय शिधापत्रिकेवर गहू व तांदूळ मिळू लागल्याने भाकरीचे ताटातील स्थानही काहीसे मागे सरले.

परंतु सोयाबीन हे घरात न थांबणारे पीक आहे. शेतातून निघालेला दाणा बाजार समितीत जातो आणि त्याचे तेल पिशवीतून परत येते. त्याच्या काडाला कडब्याची सर नाही. भाव पडला त्या वर्षी घरात ना पैसा, ना धान्य, अशी अवस्था होते. येळवशीच्या भज्जीसाठी वाटाणा, सोले आणि पालेभाज्या बाजारातून पिशवी भरून आणणारी शेतकरी कुटुंबे आता विरळ राहिलेली नाहीत. कोपीसाठी चार पाचुंदे कडबा शेजाऱ्याकडून मागून आणला जातो.

अर्धा एकर घरासाठी

या परिस्थितीत लक्ष देण्याजोगा एक प्रयोग याच भागात झाला आहे. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात गावोगावच्या स्त्रियांच्या गटांबरोबर काम करणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे दुष्काळाच्या काळात शेतकरी स्त्रियांपुढे एक साधी मागणी ठेवली. सगळे शेत बदलण्याचा आग्रह न धरता अर्धा ते एक एकर जमीन कुटुंबाकडून आपल्या निर्णयाखाली मागून घ्यावी आणि तिच्यात कमी पाण्यावर येणारी ज्वारी-बाजरी, डाळी व भाजीपाला घ्यावा. प्रथम घरचे खाणे, उरले तर विक्री. खत शेण व गांडूळ यांचे, बियाणे शक्यतो घरचे. या कामाची दखल घेऊन संस्थेस २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जी गोष्ट पूर्वी तिफणीमागे चालत असता दोन तास मागून घेऊन साधली जात होती, तीच येथे अर्ध्या एकराच्या रूपाने उघडपणे मागितली गेली, एवढाच फरक. हा फरक लहान नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीने काय पेरायचे ते ठरविणे, हे अनेक घरांत प्रथमच घडले.

ग्रामपंचायतींना व शिक्षकांना यात करण्यासारखे बरेच आहे. उमेद अभियानाचे बचत गट परसबागेचे काम करतातच. शाळेच्या आवारातील परसबागेत कोबी-टोमॅटोबरोबर अंबाडी, वाल आणि तीळ यांच्याही ओळी असाव्यात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने रब्बीसाठी 'परभणी मोती' हे ज्वारीचे वाण दिले आहे. खरिपासाठी इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे लोह व जस्त अधिक असलेले वाण प्रसारित झाले. जुन्या मालदांडीची, म्हणजे मोहोळ येथे निवडलेल्या एम ३५-१ ची, भाकरी मात्र अद्याप अनेकांना अधिक रुचते आणि तिचा कडबाही जनावरे आवडीने खातात. तेव्हा घरच्या तुकड्यात तिचा पेरा ठेवावयास कोणाची ना नसावी.

एक अडचण मात्र आधीच ध्यानात घ्यावी लागते. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, जमिनीत ओल असतानाच झाली पाहिजे. सोयाबीन बहुधा ऑक्टोबरात निघते, आणि ते उशिरा निघाले तर त्यामागून हरभरा साधतो, ज्वारी साधत नाही. म्हणून घरासाठी राखलेल्या तुकड्यात खरिपाला मूग किंवा उडीद घ्यावा. तो साधारण सत्तर दिवसांत, पोळ्याच्या मागेपुढे हाती येतो. शेंगा तोडल्यावर वखराच्या पाळ्या देऊन रान तयार होते आणि पहिली वापसा येताच ज्वारी पेरता येते. तिच्या कडेने करडईच्या चार ओळी टाकल्या, तर काट्यांमुळे मोकाट जनावर आत शिरत नाही, कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि घाण्यावर तेल निघते.