लिनच्या तळघरातली मेथी

वेळा मी लावल्या आहेत, कामं मात्र त्या घरात खरोखर होत होती तीच. घर अमेरिकेतलं, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लिन गावातलं, वेस्टर्न ॲव्हेन्यूवरचं. दिवस १८७५ ते १८८० मधला कुठलाही धरा. घरधनीण लिडिया पिंकहॅम, साठीला टेकलेली. आपण तिला लिडियाबाई म्हणू.

पहाटे साडेपाच

तळघरातली चूल पेटते. ती नाश्त्यासाठी नाही, औषधासाठी. लिन हे जोड्यांचं गाव, त्यामुळे थोड्या वेळात कारखान्यांकडे जाणाऱ्या बायापुरुषांची वर्दळ सुरू होईल. या घरातून मात्र आता कोणी तोऱ्यात बाहेर पडत नाही. नवरा आयझॅक जमिनींच्या सौद्यांत पैसा लावायचा. १८७३ ची मंदी आली आणि त्यात सगळं गेलं. तोवर लिडियाबाई शेजारणीपाजारणींना जे औषध फुकट करून द्यायची, ते १८७५ पासून विकायला काढलं. त्याचा नुस्खा म्हणे आयझॅकला एका देणेकऱ्याकडून पंचवीस डॉलरच्या उधारीपोटी मिळाला होता. बुडीत खात्यातून इतकी वसुली क्वचितच कोणाची झाली असेल.

सहा

वजन करायची वेळ. शंभर पिंटांच्या, म्हणजे सुमारे ४७ लिटरच्या घाण्याला युनिकॉर्न रूट ८ औंस, लाइफ रूट, ब्लॅक कोहॉश आणि प्लुरसी रूट प्रत्येकी ६ औंस. या चारही तिथल्या रानातल्या वनस्पती. त्यातल्या काहींचा उपयोग तिथले मूळ रहिवासी पूर्वापार करत आले होते. पाचवा जिन्नस सगळ्यांत जास्त, १२ औंस, आणि तो वाचून मी पुस्तक मिटून क्षणभर हसत बसले. मेथी! आपल्याकडे बाळंतिणीला लाडवात घालतात तीच. वजनानं जवळजवळ एक तृतीयांश औषध आपल्या डब्यातलं.

पाचही मिळून भरतात ३८ औंस, किलोभराहून थोडं जास्त. एवढा पाला-मुळ्या सत्तेचाळीस लिटरांत, म्हणजे पिंटाला जेमतेम दहा-अकरा ग्रॅम. बाकीच्यात अठरा टक्के अल्कोहोल. साडेआठ लिटर निव्वळ मद्यार्क एका घाण्यात!

आता यातली गंमत अशी की लिडियाबाई दारूबंदीची कट्टर पुरस्कर्ती. क्वेकर पंथाच्या घरातली, गुलामगिरीविरोधी चळवळीत वाढलेली. त्या चळवळीचा पुढारी फ्रेडरिक डग्लस या घराच्या ओळखीचा. मद्यार्क हा फक्त अर्क उतरावा आणि टिकावा यासाठी आहे, असं कंपनी नंतर बाटलीवरच छापत असे. तसं तांत्रिकदृष्ट्या ते खोटंही नव्हतं. मुळ्यांचा अर्क पाण्यात नीट उतरत नाही आणि नुसत्या पाण्यात तो आंबतो. आपल्या दशमूलारिष्टातही मद्यार्क असतोच, आंबवताना आपोआप तयार झालेला, आणि तो बाळंतिणीला देताना कोणत्या आजीनं कधी नाक मुरडलेलं मी पाहिलं नाही. पण दिवसातून तीनदा मोठा चमचाभर घेतल्यावर दुपारी जरा हलकं वाटत असेल, तर श्रेय मुळीला द्यायचं की मद्यार्काला, हे त्या बाईला कसं कळावं?

आठ

कुटलेल्या मुळ्या भिजतात, अर्क उतरतो, फडक्यातून गाळला जातो, बाटल्या भरल्या जातात. कामं वाटलेली आहेत. मुलगा विल याच्या नावावर धंदा, कारण बाप आणि भाऊ डॅन यांच्या नावावर कर्जं. आणखी एक मुलगा चार्ल्स आणि मुलगी ॲरोलिन बाहेर नोकरी करून पगार घरात आणतात. खचलेला आयझॅक डोलखुर्चीत बसून जाहिरातीच्या पत्रकांना घड्या घालतो. एकत्र कुटुंबातला गृहउद्योग म्हणा की. फक्त पापड-लोणच्याच्या जागी गर्भाशयाचं औषध.

दहा

लेबलं. ‘लिडिया ई. पिंकहॅमचं व्हेजिटेबल कंपाउंड’, किंमत एक डॉलर, सहा बाटल्या पाच डॉलरला. एक डॉलर ही साध्या मजुराची जवळपास दिवसभराची कमाई.

अशा औषधांना ‘पेटंट औषध’ म्हणतात, पण त्यांतल्या बहुतेकांवर पेटंट नसायचं. पेटंट घ्यायचं तर घटक सांगावे लागतात, आणि मग ते कोणालाही कळतात. नोंदवायचं ते नाव आणि लेबल. पिंकहॅमांनी ते १८७६ साली नोंदवलं. शब्द जुना, इंग्लंडच्या राजाच्या सनदेतून आलेला; सनद मागे राहिली, शब्दाचा रुबाब बाटलीवर चिकटून राहिला.

लेबलवर काय काय बरं होतं? पाळीच्या सगळ्या तक्रारी, अंगावरून जाणं, कंबरदुखी, आणि ज्याला आपल्याकडे बायका दबक्या आवाजात ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात तेसुद्धा. सैल पडलेले स्नायू आणि बंध चमच्यानं वर जात नाहीत. हा दावा तेव्हाही खोटा होता, आजही आहे.

दुपार

डॅनचं पत्र येतं. तो ब्रुकलिनला दारोदार पत्रकं वाटत हिंडतोय, पैसे संपलेत, जोड्यांचे तळ झिजलेत. जोड्यांच्या गावच्या मुलाचे! पण डोकं भलतं सुपीक. एखाद्या नातेवाईक बाईनं दुसरीला लिहिल्यासारख्या चिठ्ठ्या करून, त्यात कंपाउंडची शिफारस घालून, त्या बागांत पडू द्यायच्या, ही त्याचीच कल्पना. बोस्टन हेराल्डच्या पहिल्या पानावर साठ डॉलर मोजून अख्खं पत्रक छापून आणलं तेही पोरांनीच. घरचे हबकले असतील. पण घाऊक व्यापाऱ्यांच्या मागण्या लगेच आल्या, आणि तेव्हापासून या घरातला पैसा मुळ्यांपेक्षा शाईत जास्त जाऊ लागला.

१८७९ मध्ये बाटलीवर लिडियाबाईचा चेहरा आला. पांढरी लेस, नीट विंचरलेले केस, शांत नजर. घराघरातल्या आजीचा चेहरा. असं सांगतात की छापखान्यात दुसऱ्या कोणा प्रसिद्ध बाईचा ठसा हाताशी नसला, तर वर्तमानपत्रं हाच ठसा वापरून मोकळी होत.

रात्री आठ

आता खरं काम. जेवणं झाली, दिवा लागला, पत्रांचा गठ्ठा पुढे.

अनोळखी बायकांची पत्रं. पाळी महिनोन्‌महिने थांबत नाही. पाठोपाठची बाळंतपणं, त्यानंतर बसता येत नाही. मूल राहत नाही. नवऱ्याला सांगता येत नाही, आणि डॉक्टर पुरुष. सांगितलंच तर तो काय करणार? कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं औषध, तेव्हा सर्रास दिलं जाई. १८७२ साली जॉर्जियातल्या रॉबर्ट बॅटी या शल्यविशारदानं पाळीच्या त्रासावर अंडाशयंच काढून टाकायची शस्त्रक्रिया सुरू केली, आणि ती पुढे चांगलीच फोफावली. पोट उघडणं हाच जिवावरचा खेळ होता तो काळ. अशा वेळी एक बाई म्हणते, मला लिहा, मी वाचेन. बायका लिहिणारच.

लिडियाबाई उत्तरं द्यायची. त्यांत कंपाउंड असायचंच, धंदा होता. पण त्याबरोबर स्वच्छता राखा, कोंड्यासकट पिठाची पोळी खा, मोकळ्या हवेत चाला, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, असंही असायचं. तिच्या ‘बायकांसाठीच्या मार्गदर्शिके’त शरीराच्या गोष्टी सरळ शब्दांत होत्या, ज्या त्या काळी आया मुलींना सांगत नसत. मला या बाईवर धड रागावता येत नाही ते इथे. तिचा दावा फसवा, तिचं ऐकून घेणं खरं. बायका डॉलर मोजत होत्या तो बहुधा त्या ऐकून घेण्याचाच. बाटली ही त्याची पावती.

आणि हे कंपनीलाही कळलं होतं, जरा जास्तच.

१८८१ साली डॅन आणि विल दोघेही काही महिन्यांच्या अंतरानं क्षयानं गेले. घरात औषधाचे घाणेच्या घाणे निघत होते, पण क्षयावर ते नव्हतं आणि दुसरंही कोणाकडे नव्हतं. १८८३ च्या मे महिन्यात लिडियाबाई गेली. पत्रं मात्र येत राहिली, कारण जाहिराती सांगत राहिल्या की लिनच्या मिसेस पिंकहॅमना लिहा, तुमचं पत्र पुरुषाच्या नजरेस पडणार नाही. एका दिव्यापाशी एक बाई बसायची, तिच्या जागी आता लेखनिक मुलींचा विभाग बसला. ठरावीक तक्रारीला ठरावीक उत्तर. वर तोच चेहरा.

बावीस वर्षं हे चाललं. १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’चा संपादक एडवर्ड बॉक यानं एक काम केलं: लिनच्या पाइन ग्रोव्ह स्मशानभूमीत लिडियाबाईच्या थडग्याचा फोटो काढवला आणि तारखेसकट छापला. बघा, तुम्ही कोणाला पत्रं लिहिताय. कंपनीनं सांगितलं, मिसेस पिंकहॅम म्हणजे धाकट्या मिसेस पिंकहॅम, चार्ल्सची बायको जेनी. कायद्यानं बरोबर. आपल्याकडचा एखादा मुरलेला वकीलही याहून बरं उत्तर देता ना.

पुढच्या वर्षी, १९०६ ला, अन्न व औषधांच्या शुद्धतेचा कायदा आला आणि मद्यार्काचं प्रमाण लेबलवर छापणं भाग पडलं. बायकांनी ते वाचलं. टपाल थांबलं नाही. कंपनीच्या विक्रीनं शिखर गाठलं ते थेट १९२५ साली, म्हणजे लिडियाबाई गेल्यावर बेचाळीस वर्षांनी.

रात्री साडेदहा

पण आज ती आहे. बोटांना मेथीचा वास आणि शाईचे डाग. गठ्ठ्यातलं शेवटचं पत्र तीन पानी आहे, अक्षर किरटं, कागदाच्या कडेपर्यंत लिहिलेलं. ती दिव्याची वात जरा वर करते आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागते.