हवेतला जमाखर्च

व्यापारी घरातील मुलांना जमा आणि खर्च या दोन बाजू वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. रेडिओने चालणारे छोटे हवाई जहाज, म्हणजे एअरशिप, घरी बांधताना हेच संस्कार उपयोगी पडतात. विमान पंखांच्या बळावर उडते. एअरशिप मात्र हेलियमच्या हलकेपणावर तरंगते. वायू जेवढे वजन पेलतो ती जमा. पिशवी, मोटार, बॅटरी, शेपटी यांचे वजन हा खर्च.

पुणेकरांची जमा मुळातच थोडी कमी आहे. समुद्रसपाटीवर १५ अंश तापमानात १ घनमीटर हेलियम सुमारे १०५० ग्रॅम पेलतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. येथील विरळ हवेत, ३० अंशांच्या उन्हात, तोच हेलियम ९४० ग्रॅमच्या आसपास पेलतो.

४ मीटर लांब, १.२ मीटर व्यासाच्या निमुळत्या पिशवीत ३ घनमीटर वायू मावतो. जमा २८०० ग्रॅम. चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या प्लॅस्टिकची पिशवी ८६० ग्रॅमची. शिल्लक १९४० ग्रॅम. आता काटकसर म्हणून सर्व मापे निम्मी केली, तर प्लॅस्टिक चौथाई लागते, पण वायू अष्टमांशच मावतो. जमा ३५०, पिशवी २१५, शिल्लक अवघी १३५ ग्रॅम! भांडवल अपुरे असले की दुकानाचे भाडेच नफा खाते, तसेच हे.

पवईच्या आयआयटीत प्रा. राजकुमार पंत यांच्या मार्गदर्शनाखाली ‘मायक्रो’ आणि ‘मिनी’ ही रेडिओ-नियंत्रित एअरशिप तयार झाली. डोंगराळ प्रदेशातील वाहतुकीसाठी एअरशिप वापरता येईल का, या अभ्यासाचा तो भाग होता. तेथेही उंची आणि उष्णता याच मुख्य अडचणी.

हेलियम परदेशातून येतो, म्हणून महाग. हायड्रोजन स्वस्त आणि सुमारे ८ टक्के अधिक वजन पेलणारा. पण तो पेट घेतो. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत ‘हिंडनबर्ग’ जळाले आणि ३६ जीव गेले. मुलांच्या खेळात ही बचत कदापि करू नये.

लोहगावचा हवाईतळ शहराला लागून असल्याने मोकळ्यावर उडवण्यापूर्वी हवाई हद्दीचे नियम पाहावेत. वाऱ्यापुढेही या हलक्या पिशवीचे काही चालत नाही. म्हणून आरंभ बंद सभागृहात करावा. वाळूची पुडी बांधून जहाज किंचित जड ठेवावे, म्हणजे रेडिओचा संपर्क तुटला तरी ते आपोआप जमिनीवर येते. जमाखर्च तंतोतंत जुळवण्यापेक्षा खर्चाची बाजू चिमूटभर जड राखणे, हा येथे शहाणपणाचा हिशेब ठरतो.