डेक, रोटरी की लाकडाची भट्टी?

बारामती एमआयडीसीत फेरेरोची चॉकलेटं बनतात, पण भिगवण-इंदापूरच्या वडापावच्या गाड्यांना हवा असतो तो रोजचा ताजा पाव. तो भाजायची बेकरी काढणारा आधी विचारतो, "ओव्हन किती ट्रेचा घेऊ?" खरं तर आधी विचारायला हवं ते विकायचं काय, हे.

पाव, पिझ्झा, नानकटाईला डेक ओव्हन उत्तम. वरची-खालची उष्णता वेगवेगळी ठेवता येते. खारीचे ट्रेवर ट्रे काढायचे असतील तर रोटरी. त्यात आख्खी ट्रॉली गरम हवेत फिरते, त्यामुळे माल सगळीकडून सारखा भाजतो. टोस्टचं गणित मात्र फसवं! आधी ब्रेड भाजायचा, मग कापून मंद आचेवर वाळवायचा. ओव्हन दोनदा अडकतो, आणि हे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

पंख्याच्या कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये बिस्किटं झकास होतात. जोराच्या हवेने केक मात्र कोरडा पडू शकतो.

मोठ्या इलेक्ट्रिक ओव्हनला थ्री-फेज जोडणी लागते, म्हणून महावितरणकडे आधी चौकशी करावी. डिझेल किंवा गॅस बर्नरच्या रोटरीला वीज कमी लागते.

लाकडाची भट्टी? जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडायला सहा महिने दिले. आदेश मुंबईपुरता, तरी नवी भट्टी बांधणाऱ्याने दखल घ्यावी.

केंद्राच्या 2020 च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांचं कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. खरेदीआधी स्वतःचं पीठ नेऊन विक्रेत्याकडे एक घाणा भाजून पाहावा आणि दुरुस्तीचा माणूस बारामतीतून येणार की पुण्याहून, तेही विचारावं.