लाकूडगाडीची पायताणे

दिवाणखान्यातल्या सागवानी कपाटाचे कौतुक सगळ्यांना. पण त्याचा ओंडका आलापल्लीच्या रानातून डेपोपर्यंत ज्या चाकांवर येतो, त्यांची चौकशी कोण करतो? बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. (‘टायर’ला याहून चांगला मराठी शब्द मला तरी सापडलेला नाही.) लोहार ती लाल तापवून चाकावर चढवी, वर पाणी ओती, की धाव आवळून बसे. ट्रकमालकाला मात्र रबर विकत घ्यावे लागते, आणि सहाही टायर एकदम बदलायचे म्हणजे हंगामाची कमाईच पणाला!

रानवाटेवर टायर झिजून मरण्याआधी फाटून मरतो. तोडलेल्या झाडाचा खुंट नाहीतर धारदार दगड त्याच्या बगलेत घुसतो. डांबरी सडकेवर रेडियल टायर अधिक टिकतो हे खरे; पण त्याची बगल पातळ. रानात जाड बगलेचा नायलॉनचाच बरा. बगल शाबूत असेल, तर झिजल्यावर त्याच्यावर नवे रबर चढवून घेता येते, तेही नव्यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत. असा टायर मागच्या जोडचाकांना घालावा, पुढे कदापि नाही. पुढचा फुटला तर स्टिअरिंगच हातचे जाते.

दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर स्वस्त मिळतो. तो घेण्याआधी बगलेवरचा चार आकडी छाप पाहावा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. आणि हो, जोडचाकांच्या फटीत अडकलेला दगड क्लीनरने रोजच्या रोज काढावा. त्या एका दगडापायी दोन टायर जातात.