नावडत्यांची मोजदाद

मातीच्या पेल्याची फुटकी बैठक. तळहातावर सहज मावेल एवढी. तिच्यावर टोकदार वस्तूने एक नाव कोरलेलं आहे: थेमिस्टोक्लिस. १९३७ साली अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका जुन्या विहिरीत पुरातत्त्वज्ञ ऑस्कर ब्रोनीर यांना असे १९० तुकडे मिळाले. नाव सगळ्यांवर या एकाच पुढाऱ्याचं आणि अक्षर जेमतेम चौदा जणांचं. म्हणजे कुणीतरी एकत्र बसून गठ्ठ्याने मतपत्रिका लिहून ठेवल्या होत्या. बहुधा लोकांना वाटण्यासाठी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा प्रचार आजही हातात धरून पाहता येतो!

ही मतं कुणाला निवडून देण्यासाठी नव्हती, हाकलण्यासाठी होती. दर हिवाळ्यात अथेन्सच्या सभेत एक प्रश्न विचारला जाई: यंदा कुणाला शहराबाहेर काढायचं का? तेव्हा नाव कुणाचंच घ्यायचं नाही. होकार आला, तर सुमारे दोन महिन्यांनी नागरिक भर बाजारात, अगोरात जमत आणि नकोशा माणसाचं नाव खापरीवर कोरून टाकत. आरोप नाही, खटला नाही, बचावाचं भाषण नाही. सहा हजारांचा आकडा गाठला, की सर्वाधिक नावडत्या माणसाने दहा दिवसांत शहर सोडायचं, तेही दहा वर्षांसाठी. मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या तरतुदीचं. त्याचं घर, जमीन, नागरिकत्व सगळं शाबूत राही. नावडता असणं हा गुन्हा नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

इ.स.पू. ४८२ मध्ये ॲरिस्टायडीस नावाचा पुढारी असा बाहेर गेला. दोनच वर्षांत इराणी फौजा चालून आल्या, तेव्हा त्याला परत बोलावलं आणि प्लॅटियाच्या लढाईत अथेन्सचं सैन्य त्याच्याच हाती दिलं.

केरामिकोस भागातल्या जुन्या नदीपात्रात १९६०च्या दशकात आणखी आठ हजारांवर खापऱ्या निघाल्या. नुसतं नाव लिहून सगळ्यांचं समाधान झालेलं नाही. कालियास नावाच्या पुढाऱ्याच्या खापरीवर कुणी इराणी तिरंदाजाचं चित्र काढलंय: हा शत्रूला सामील आहे! एका मतदाराला तर माणसांवर राग काढायचाच नव्हता. त्याने हद्दपारीसाठी नाव लिहिलं, ‘भूक’.

हीच मोजणी विसाव्या शतकात शाळेच्या वर्गात पोचली. १९८२ साली कोई, डॉज आणि कोपोटेली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मुलांना दोन वेगळे प्रश्न विचारले: वर्गात तुला सर्वांत जास्त कोण आवडतं? आणि सर्वांत कमी कोण? दुसऱ्या प्रश्नाने चित्रच पालटलं. काही मुलांना कुणीच आवडतं म्हणत नव्हतं, पण नावडतंही म्हणत नव्हतं. ती कुणाच्या ध्यानातच नव्हती. काहींचं नाव नावडत्यांत पुन्हा पुन्हा येत होतं. आणि काहींना दोन्हीकडे भरघोस मतं! मधल्या सुट्टीत कोपऱ्यात एकटा डबा खाणारा मुलगा यांतला नेमका कोणता, हे नुसतं बघून कळत नाही. आणि ते कळणं फार गरजेचं आहे. पुढच्याच वर्षी एका प्रयोगात मुलांना अनोळखी सवंगड्यांच्या गटात बसवलं, तेव्हा दुर्लक्षित मुलं तिथे खुलली. नाकारलेली मुलं मात्र थोड्याच भेटींत तिथेही नावडती ठरली. पहिल्याला नवी संगत पुरेशी असते. दुसऱ्याच्या पाठीशी मोठ्या माणसाने धीराने उभं राहावं लागतं. दोघांना ‘एकलकोंडा’ म्हणून मोकळं होणं हा त्या पोरांवर अन्याय आहे.

नापसंती मोजण्याची सोय आज मतदानातही आहे: मतदान यंत्रावर आपल्याकडे २०१३ पासून ‘नोटा’चं, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नको’चं, बटण आहे. २०१९च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ला २७ हजारांवर मतं पडली आणि ती दुसऱ्या क्रमांकावर राहिली! विधानसभेला त्यामुळे निकाल बदलत नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी ठरवलं, की ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची.