बाळंतिणीच्या पोटातला नाका

हैदराबादच्या तारनाक्याहून हबशीगुड्याकडे जाताना रस्त्याला लागून दोन प्रयोगशाळा आहेत. पहिली भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था; इथे रेणू घडवतात. दुसरी तिची लेकच म्हणा ना, १९७७ साली तिच्याच अंगणात रांगायला लागलेली सीसीएमबी. इथे माणसाची पेशी उलगडून बघतात. आईच्या घरी औषध, लेकीच्या घरी ते औषध पचवणारं शरीर. या दोन फाटकांपाशी उभं राहिलं की पत्त्यातला ‘नाका’ हा शब्द वेगळाच ऐकू येऊ लागतो.

कारण आपल्या प्रत्येकाच्या पोटातही एक नाका असतो. गिळलेली गोळी आतड्यातून थेट अंगभर जात नाही, आधी तिला यकृताच्या दारात थांबावं लागतं. तिथे विकरं नावाचे नाकेदार बसलेले असतात. ते औषधातला काही हिस्सा जकातीसारखा कापून घेतात आणि उरलेलं पुढे सोडतात. जकातीचा दर मात्र माणसागणिक वेगळा.

किती वेगळा, याचं एक थक्क करणारं उदाहरण याच परिसरात अभ्यासलं गेलं आहे. सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या गटांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वैश्य समाजाचा दाखला आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल पडावेत म्हणून सक्सिनिलकोलीन टोचतात. एरवी त्याचा अंमल काही मिनिटांत उतरतो, कारण यकृतात तयार होऊन रक्तात हिंडणारा एक फिरता नाकेदार त्याचा फडशा पाडतो. या समाजातल्या काही जणांत तो नाकेदार जन्मापासूनच दुबळा असतो. मग स्नायू तासन्‌तास जागे होत नाहीत आणि तेवढा वेळ श्वास यंत्राने पुरवावा लागतो. हा दोष इथे इतर समाजांच्या सुमारे शंभरपट आढळतो. मूळ पूर्वज थोडे, लग्नं आपसातली, त्यामुळे कुणा एकातला जुना बदल पिढ्यान्‌पिढ्या पाझरत आला.

पण जनुकं जन्मभर तीच राहतात. तेच माणूस, तीच जनुकं, आणि तरीही काही महिन्यांत नाक्याचा सगळा कारभार बदलतो, असं कधी होतं? बाईला दिवस जातात तेव्हा.

गरोदरपणात यकृतातले काही नाकेदार झपाट्याने काम करू लागतात आणि काही आळसावतात. चहा-कॉफीतलं कॅफीन निकालात काढणारा मंदावतो, म्हणून एक कप कॉफी गरोदर बाईच्या अंगात जास्त वेळ रेंगाळते. ३ए४ असं रुक्ष नाव असलेला दुसरा एक नाकेदार मात्र दुप्पट उत्साहाने कामाला लागतो, आणि अफूजन्य औषधांचा मोठा भार याच्याकडे असतो.

हेरॉइन, अफू किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या विळख्यात सापडलेल्या बाईला गरोदरपणात ‘आजपासून बंद’ असं सांगत नाहीत. तडकाफडकी बंद केलं तर तलफ उफाळते आणि ती पुन्हा नशेकडे वळण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन देतात. बुप्रेनॉर्फिनची कथा तर काट्याने काटा काढण्याची. ते अफूच्याच बोंडातल्या थिबेन या द्रव्यापासून बनतं. मेंदूत अफूसाठी मांडलेले जे पाट असतात त्यांवर ते जाऊन बसतं, अर्धपोटीच जेवतं आणि उठायचं नाव घेत नाही. मागून आलेल्या हेरॉइनला पंगतीत जागाच उरत नाही. शिवाय ही गोळी जिभेखाली ठेवायची असते, कारण गिळली तर यकृत तिची बहुतेक पुंजी कापून घेतं. जिभेखालून ती नाका चुकवून रक्तात उतरते. अर्थात रक्तात फिरता फिरता यकृताशी गाठ पडतेच.

मेथाडोनचं गरोदरपण आणखी अवघड. शरीरातला त्याचा मुक्काम निम्म्याहून कमी होऊ शकतो. सकाळी घेतलेला डोस संध्याकाळी ओसरतो, अंग दुखतं, घाम फुटतो. तिने काही चोरून घेतलं असेल असा संशय घरच्यांना येतो आणि खरा अपराधी असतो तिचं कामसू यकृत. म्हणून जाणते डॉक्टर डोस वाढवतात आणि दिवसातून दोनदा विभागून देतात.

मग बाळ जन्मतं, आणि यकृतही बाळंत होतं. नाकेदार आपापल्या जुन्या चालीवर परतू लागतात, पण ते एका रात्रीत होत नाही. काही आठवडे लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला जपायची रीत आहे. रसायनशास्त्राच्या अंगानेही हेच दिवस नाजूक. आठव्या महिन्यात अपुरा पडणारा डोस आता जड होऊ शकतो. म्हणून डोळे मिटताहेत का, बोलताना जीभ जड पडते का, की उलट तलफ चाळवतेय, हे बघत बघत तो बदलायचा. सगळ्यांचा डोस ठरावीक तारखेला उतरवावा असं कुठलंच कोष्टक नाही.

दुधाचा हिशोब तर आणखी नवलाचा. मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन दुधात फार थोडं उतरतं, त्यामुळे उपचारांवर स्थिरावलेल्या आईला अंगावर पाजायला डॉक्टर प्रोत्साहनच देतात. पोटात असताना औषधाची सवय झालेल्या बाळाचा जन्मानंतरचा त्रासही त्याने सौम्य होतो. खोकल्याच्या औषधातल्या साध्या वाटणाऱ्या कोडीनचं मात्र उलटं. २डी६ नावाचा नाकेदार त्याचं मॉर्फिन करतो, आणि काही जणींत तो जन्मजात अतिचपळ असतो. तेवढं मॉर्फिन दुधात उतरलं तर तान्ह्याचा श्वास धोक्यात येऊ शकतो. २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाजणाऱ्या आयांना कोडीन न घेण्याची ताकीद दिली ती याचसाठी.

मग सगळ्यात धोक्याचे दिवस कोणते? उत्तर सव्वा महिन्याच्या आत असेल असं वाटतं, पण ते तिथे नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अफूजन्य पदार्थांच्या विळख्यात असताना बाळंत झालेल्या चार हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अतिमात्रेचे प्रसंग गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत सर्वांत कमी होते, आणि प्रसूतीनंतरच्या सातव्या ते बाराव्या महिन्यात सर्वांत जास्त, जवळजवळ चौपट. तोवर नाकेदार केव्हाच जागेवर आलेले असतात. बदललेली असते ती तिच्या भोवतालची माणसं. तपासण्या थांबलेल्या, माहेरची मंडळी परतलेली, झोप मोडलेली, मन खचलेलं. औषध सुटलं की शरीराची नशा पेलण्याची ताकदही घटते आणि पूर्वी पचलेली मात्रा आता जीव घेते.

व्यक्तीगणिक उपचार म्हटलं की आपल्याला जनुकांची चाचणी आठवते. पण दवाखान्याच्या रांगेत आई उभी असताना बाळ कुणाच्या कडेवर असेल, हाही उपचाराचाच भाग. मुंबईच्या गिरणगावाला हे शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. पाळीवर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवत, कारण मागे सांभाळायला कुणी नसे. आजच्या उपचारांत मात्र या आया सहसा नजरेतून सुटतात. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य पदार्थ घेणारे पुरुष सुमारे ४ टक्के आढळले, बायका ०.२ टक्के. साहजिकच व्यसनमुक्तीची केंद्रं पुरुषांच्या मापाने बांधली गेली. पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात बायकांसाठी वेगळा विभाग आहे, म्हणून ते नाव इथे घ्यायचं.

आपल्याकडे सहाव्या-सातव्या महिन्यात बाळाचं उष्टावण होतं. मामाच्या मांडीवर बसलेल्या बाळाच्या तोंडाला खिरीचं बोट लागतं, आणि सगळ्यांच्या नजरा बाळावर असतात. त्याच दिवशी कुणीतरी स्वयंपाकघरात डोकावून तिला विचारायला हवं, ‘तुझी गोळी चालू आहे ना गं?’